मला मत देऊ नका

निवडणुकीतून माघार घ्यायला तराजूकाका वेळेवर पोचले होते, हे आधी सांगून टाकलेलं बरं. कारण पुढे जे झालं त्याबद्दल गल्लीत नाना तऱ्हेने बोललं गेलं आणि काकांची बाजू मांडायला आजवर कोणी पुढे आलेलं नाही. मुदत दुपारी तीनची होती. काका दोन वाजून चाळीस मिनिटांनी निवडणूक कार्यालयाच्या खिडकीसमोर उभे होते. हातात भरलेला माघारीचा अर्ज, खिशात ओळखपत्र, आणि त्याच्या दोन प्रती.

अडचण एवढीच झाली, की काकांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

काका म्हणजे एकतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून काढलेला माणूस. काट्याच्या पारड्याखाली चिकटवलेला मेणाचा गोळा ते दुकानात पाऊल टाकता टाकता ओळखत. त्यावरूनच गल्लीने त्यांना तराजूकाका करून टाकलं होतं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी सवय जात नव्हती. चहात दोन चमचे साखर घालू का, असं काकूंनी विचारलं, की "सपाट की शिगोशीग?" हा प्रश्न ठरलेला. तर अशा माणसाला कार्यालयातलं घड्याळ चार मिनिटं पुढे दिसलं.

"तुमचं घड्याळ चार मिनिटं पुढे आहे," काका खिडकीतल्या कारकुनाला म्हणाले.

"असेल," कारकून म्हणाला.

हे 'असेल' काकांना फार लागलं. ज्या घड्याळावर उमेदवारांचं नशीब ठरायचं, त्याच्याबद्दल 'असेल'? उद्या एखादा बिचारा दोन अठ्ठावन्नला धापा टाकत आला तर? काका म्हणाले, घड्याळ आत्ताच्या आत्ता लावा. कारकून म्हणाला, घड्याळ बांधकाम विभागाचं आहे, शिडी भांडारात आहे आणि भांडारपाल रजेवर आहे. काका म्हणाले, मग लेखी तक्रार घ्या. त्यांनी तिथेच बाकावर बसून दोन प्रतींत तक्रार लिहिली, तिच्या पोचीवर शिक्का मिळेपर्यंत हटले नाहीत, आणि मग विजयी मुद्रेने माघारीचा अर्ज खिडकीतून आत सरकवला. तेव्हा भिंतीवर तीन वाजून पाच मिनिटं झाली होती.

"आपण तुमचंच घड्याळ मानू या," कारकून समजूतदारपणे म्हणाला. "किती वाजले तुमच्यात?"

काकांच्या मनगटावर तीन वाजून एक मिनिट झालं होतं. खोटी वेळ सांगणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

मुळात काका उभे राहिले होते ते दवाखान्यासाठी. वॉर्डातला सार्वजनिक दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक लांब बाक आणि एक डॉक्टरबाई. पण त्या बाकावर बसून अख्खी गल्ली बरी झालेली होती. आता नगरसेवकांना तो पाडून तिथे दुकानांची इमारत हवी होती, आणि नगरसेवकांना जे हवं असायचं ते आधी एका बिल्डरला हवं असायचं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. नगरसेवकांविरुद्ध कोणीतरी उभं राहायला हवं म्हणून गच्चीवर सभा झाली. डॉक्टरबाईंनी हात जोडून नकार दिला. बाकी सगळे आपापल्या चपलांकडे बघत बसले. तेव्हा काकांनी हात वर केला आणि दुसऱ्या दिवशी अर्जही भरला. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी मात्र गल्लीने डॉक्टरबाईंना गाठून, गळ घालून उभं केलं. काकांना हे दोन दिवसांनी कळलं, तेही वरच्या मजल्यावरच्या विमा एजंटाकडून.

"मनाला लावून घेऊ नका काका," एजंट म्हणाला होता. "तुम्ही माणूस चोख. पण निवडून येण्यासारखे वाटत नाही."

काकांनी मनाला लावून घेतलं नाही, असं ते सगळ्यांना सांगत. माघार हुकली हे सांगायला ते दवाखान्यात गेले, तेव्हा डॉक्टरबाई हसल्या. "अहो काका, राहू दे हो. कागदावर नाव राहील, एवढंच. तुम्हाला कोण मत देणार आहे?" त्या हे दिलासा म्हणून म्हणाल्या. काकांनीही तो दिलासा म्हणूनच घेतला. फक्त त्या दिवशी ते जेवले नाहीत.

त्यानंतर पाचव्या दिवशी सकाळी काका दूध आणायला गेले आणि चौकात स्वतःसमोर उभे ठाकले.

दोन इमारतींच्या मधोमध त्यांचा चेहरा टांगलेला होता. फोटो मेहुण्यांच्या मुलीच्या लग्नातला होता. जेवणाच्या रांगेत कोणीतरी मधे घुसलं होतं आणि काका त्याच्याकडे खाऊ की गिळू अशा नजरेने बघत होते. तीच नजर एवढ्या मोठ्या आकारात करारी वाटत होती. खाली लिहिलं होतं: 'आपल्या हक्काचा माणूस.' आणि कोपऱ्यात: 'शुभेच्छुक – समस्त नागरिक.'

दूधवाल्याने त्या दिवशी पहिल्यांदा काकांना रांगेतून पुढे बोलावलं. पहारेकऱ्याने उठून सलाम केला. कोपऱ्यावरचा शिंपी, जो चार वर्षं काकांची मोजपट्टी बघून तोंड फिरवायचा, तो बाहेर येऊन म्हणाला, "छुपे रुस्तम निघालात काका!" आणि जिना चढता चढता विमा एजंट भेटला.

"मी मागे बोललो ते विसरा," तो म्हणाला. "पैसा कोणाचा का असेना, आलाय ना? येऊ द्या. मी तुमचा प्रचारप्रमुख."

"मला प्रचार करायचा नाही. मी डॉक्टरबाईंचा प्रचार करतोय."

"वा! हेच बोलत राहा. लोकांना आवडतं असं."

काका तसेच निवडणूक कार्यालयात गेले. घड्याळ अजून चार मिनिटं पुढेच होतं, पण या खेपेला त्यांनी दातओठ खाऊन तिकडे दुर्लक्ष केलं.

"हा फलक मी लावलेला नाही," ते म्हणाले.

"फोटो तुमचा आहे?" कारकुनाने विचारलं.

"आहे."

"नाव तुमचं आहे?"

"आहे, पण..."

"मग खर्च तुमचा. नाहीतर कोणी लावला ते सांगा."

"समस्त नागरिकांनी."

"त्यांचा पत्ता द्या."

काकांनी विचारलं, मग मी तो उतरवू का? कारकून म्हणाला, उतरवायला लावणाऱ्याची संमती लागते, नाहीतर मालमत्तेचं नुकसान केल्याचा गुन्हा होतो. लावणारा सापडत नसेल तर तो तुम्हीच असं धरून तुमच्या संमतीने उतरवता येईल, पण मग खर्चही तुमचाच हे कबूल केल्यासारखं होईल. निषेध मात्र नोंदवता येईल. त्यासाठी अर्जात फलकाचं नेमकं माप लागेल.

नेमकं माप म्हटल्यावर काकांना कोण अडवणार? त्यांनी रंगाऱ्याची शिडी मागून आणली आणि भर चौकात, भर दुपारी, स्वतःच्या नाकापाशी उभं राहून मोजपट्टी धरली. फलक तीस फूट बाय वीस फूट निघाला. खालच्या कोपऱ्यात छापखान्याचं बारीक नावही सापडलं आणि ते काकांनी टिपून घेतलं. पण ते खाली उतरेपर्यंत सगळ्या वॉर्डाच्या फोनवर त्यांचा शिडीवरचा फोटो पोचला होता. खाली ओळ होती: 'स्वतःचा फलक स्वतः लावणारा साधा उमेदवार.'

त्या संध्याकाळी डॉक्टरबाई घरी आल्या. बसल्या नाहीत.

"काका, तुम्ही माघार घ्यायला गेला होतात ना?"

"गेलो होतो. हा पुरावा." काकांनी शिक्का मारलेली पोच पुढे केली.

डॉक्टरबाईंनी ती वाचली. "ही घड्याळाची आहे," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या. काकूंनी नवऱ्याकडे असं पाहिलं, की तीस बाय वीसच्या फलकामागे लपावं असं काकांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला. वॉर्डातल्या प्रत्येक दारात एकेक नवाकोरा प्रेशर कुकर उतरला. खोक्यावर तीच करारी नजर आणि 'तराजूकाकांकडून सप्रेम भेट.' एक कुकर काकांच्याही दारात ठेवला होता. आपल्याच घरी आपल्याचकडून आलेली सप्रेम भेट घेऊन काका स्वयंपाकघरात गेले. खोक्यावर 'पाच लिटर' असं छापलं होतं. काकांनी कपाटातून मोजपात्र काढलं. एकदा पाणी ओतलं. मग पुसून पुन्हा ओतलं. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा ओतलं.

"अहो, काय झालं?" काकूंनी घाबरून विचारलं.

"चार लिटर दोनशे तीस," काका खुर्चीत बसत म्हणाले.

मतदारांना आपल्या नावाने लाच वाटली जातेय याचं दुःख त्यांना होतंच. पण लाचही मापात मारलेली! ज्या हाताने एकतीस वर्षं खोट्या मापांवर जप्ती आणली, त्याच्या नावावर प्रत्येक घरात सातशे सत्तर मिलिलिटरची चोरी! काका उठले, मोजपात्र घेतलं आणि दारोदार गेले. "हा कुकर मी दिलेला नाही," ते प्रत्येक दारात सांगत, "आणि हा पाच लिटरचा नाही." यातलं पहिलं वाक्य कोणी ऐकून घेतलं नाही. दुसरं मात्र सगळ्यांनी ऐकलं.

"मग पाचाचा कधी देणार?" समोरच्या इमारतीतल्या शिक्षिकाबाईंनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांच्या दारापासून जिन्याखालपर्यंत कुकर बदलून घेणाऱ्यांची रांग होती. विमा एजंट तिथे उभा राहून नावं लिहून घेत होता.

काकांनी मागच्या दाराने छापखाना गाठला. छापखानेवाल्याने आधी आढेवेढे घेतले, पण कोपऱ्यातला कागद तोलायचा काटा काकांनी नुसता निरखून पाहिला, तसा तो घडाघडा बोलला. ऑर्डर बिल्डरची होती.

बिल्डरच्या कार्यालयात सगळीकडे काच होती आणि पाहुण्यांच्या खुर्च्या इतक्या बुटक्या होत्या, की काकांचे गुडघे छातीशी आले. त्या अवस्थेत माणसाला रागावणं फार कठीण जातं.

"या काका, या!" बिल्डर म्हणाला. "तुमच्याबद्दल मला फार आदर आहे."

"माझा फलक तुम्ही लावलात?"

"लावला. नगरसेवकांचाही मीच लावतो. डॉक्टरबाईंनाही विचारलं होतं, त्यांनी दारातून परत पाठवलं. हट्टी आहेत."

"पण मी निवडून येणार नाही!"

"छे, छे. येऊच नका," बिल्डर घाईने म्हणाला. "पाचसातशे मतं घ्या, पुष्कळ झाली. नगरसेवकांची माणसं तुम्हाला मत देणार नाहीत. म्हणजे तुम्ही खाणार ती मतं कोणाची?"

हिशेब काकांना चटकन समजला आणि तो चोख होता, याचाच त्यांना जास्त राग आला. दवाखाना वाचवायला वर केलेला हात दवाखाना पाडायला वापरला जात होता, आणि त्यासाठी कोणी त्यांची साधी परवानगीही घेतली नव्हती. विकत घ्यायला आले असते तर निदान त्यांना हाकलून तरी देता आलं असतं.

"तुमचे कुकर चार लिटर दोनशे तीसचे आहेत," ते कसेबसे म्हणाले.

"काय?" बिल्डर प्रथमच खुर्चीत सरळ बसला. "माझ्याकडून पाचाचे पैसे घेतले! बघा काका, आजकाल कोणावर विश्वास ठेवायचा?" आणि मॅनेजरला फोन लावून तो इतका मनापासून संतापला, की काकांना क्षणभर त्याच्याबद्दल आपुलकी वाटली. मग त्या आपुलकीचाही राग आला.

त्या दिवसापासून काकांनी स्वतःविरुद्ध प्रचार सुरू केला. स्वतःच्या अक्षरात चिठ्ठ्या लिहिल्या: 'मला मत देऊ नका. डॉक्टरबाईंना द्या. दवाखाना वाचवा.' त्या घेऊन ते रोज सकाळ-संध्याकाळ जिने चढू लागले. आधी डॉक्टरबाईंना बिल्डरचा सगळा डाव सांगितला. त्यांनी काकांचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "माझंच चुकलं, काका."

पण लोक! लोकांना वाटलं, किती हा विनय. दोन दिवसांत चौकात दुसरा फलक लागला: 'सत्तेचा मोह नसलेला एकमेव उमेदवार.' ज्यांनी काकांना आयुष्यात कधी चहा विचारला नव्हता, ते त्यांना घरात ओढून नेऊ लागले. "तुम्ही नाही म्हणता म्हणूनच तुम्हाला देणार!" शिंपी छातीवर हात ठेवून म्हणाला. काका हात जोडत, पाया पडायला निघत, ओरडत. ते जितके ओरडत तितके लोक गहिवरत. असा संताप काकांना नोकरीत, सगळ्या लबाड दुकानदारांचा मिळूनसुद्धा आला नव्हता.

शेवटी काकूंनी पदर खोचला. मतदानाला चार दिवस उरले असताना त्या एकट्याच बाहेर पडल्या आणि घरोघरी, दुकानोदुकानी एवढंच सांगून आल्या: "निवडून आले तर रोज येणार आहेत हं, मापं तपासायला. दुकानातली पण आणि घरातली पण. मी तेहतीस वर्षं सोसतेय, आता तुम्हीही बघा."

वॉर्ड एका दिवसात फिरला. दूधवाल्याने काकांना पुन्हा रांगेत मागे उभं केलं. शिंपी तोंड फिरवू लागला. विमा एजंटाने प्रचारप्रमुखपदाचा तोंडी राजीनामा दिला. मतदानाच्या आदल्या दिवशी काका गल्लीतून चालले, तेव्हा खिडक्याखिडक्यांतून लोक हात हलवून त्यांना धीर देत होते.

"निर्धास्त राहा काका! तुम्हाला नाही देत!"

"आमच्या घरातली पाचही मतं तुम्हाला नाहीत हो!"

"सगळ्या इमारतीने ठरवलंय, काकांना एकसुद्धा नाही!"

काका सगळ्यांना धन्यवाद देत होते. हवं होतं तेच झालं होतं. तरी दुसऱ्या गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत त्यांचा आवाज बारीक होत गेला.

मतदान शाळेत होतं. काकांनी मतपत्रिका घेतली, शिक्का घेतला आणि पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेले. कागदावर तीन नावं होती. पहिलं नगरसेवकांचं, दुसरं डॉक्टरबाईंचं, आणि तिसरं त्यांचं, ठळक छापलेलं, वडिलांच्या नावासकट. एकतीस वर्षांच्या नोकरीत काकांचं नाव कागदावर यायचं ते खाली, 'प्रत माहितीसाठी' या शब्दांनंतर. असं ठळक ते पहिल्यांदाच बघत होते. उद्या या नावापुढे आकडा छापला जाईल, त्यांना वाटलं. तो शून्य असेल. सरकारी कागदावर, कायमचा, शून्य. रिकाम्या पारड्याचा आकडा.

डॉक्टरबाई तर निवडून येणारच आहेत. सगळी गल्ली म्हणतेय. एकाने काय होतंय?

हा विचार मनात येऊन जाईपर्यंत शिक्का उमटला होता.

निकाल दुसऱ्या दिवशी दुपारी लागला. डॉक्टरबाई एका मताने पडल्या. फेरमोजणी झाली, तरी एकच. ते एक मत त्यांच्याकडे असतं तर बरोबरी होऊन चिठ्ठी काढावी लागली असती, असं अधिकाऱ्यांनी सांगितलं. तराजूकाकांना सात मतं पडली होती.

"सात!" काका गल्लीत उभे राहून गरजले. "कोण आहेत हे सात जण? समोर या! एवढी पायपीट करून सांगितलं तुम्हाला!" त्यांनी शिंप्याला जाब विचारला, शिक्षिकाबाईंना विचारला, विमा एजंटाला तर जिन्यात अडवून विचारला. सगळ्यांनी शपथा घेतल्या. काकांचा आवाज टिपेला पोचला, तेव्हा काकू गॅलरीत आल्या आणि म्हणाल्या, "वर या आता." आणि काका निमूट वर गेले. त्यांनी जेवायला नको म्हटलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

तीन दिवसांनी डॉक्टरबाई आल्या. दवाखाना महिन्याभरात रिकामा करायची नोटीस लागली होती. तेवढ्यात जमतील तितक्या पेशंटना त्या घरी जाऊन तपासत होत्या. काकूंनीच त्यांना बोलावलं होतं, कारण काका धड जेवत नव्हते आणि चहात साखर किती घातली हेही विचारत नव्हते.

डॉक्टरबाईंनी काकांच्या दंडाला पट्टा गुंडाळला आणि हवा भरायला सुरुवात केली.

"तुम्ही कशाला एवढा त्रास करून घेता?" त्या म्हणाल्या. "माझ्यासाठी सगळ्यात जास्त जिने तुम्ही चढलात. बिल्डरने एवढा पैसा ओतला, कोणाचं मत कुठे गेलं कोण सांगणार? गल्लीतला एकेक माणूस मला तोंडावर सांगतो, आम्ही तुम्हालाच दिलं. मी हसते आणि मान डोलावते. खरं सांगू? मला खात्री फक्त एकाच मताची आहे. तुमच्या."

पारा चढत गेला. दीडशेच्या पुढे गेला, एकशे सत्तरच्या पुढे गेला. डॉक्टरबाईंच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी हवा सोडली, पुन्हा भरली. पारा पुन्हा तिथेच जाऊन थांबला.

"यंत्र बिघडलेलं दिसतंय," त्या म्हणाल्या. "जुनंच झालंय ते. चुकीचं दाखवतंय."

काकू दारात उभ्या होत्या. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग पाऱ्याकडे पाहिलं. आता गप्प बसलं तर संपलं होतं. पण ठीक चाललेल्या मापाला कोणी खोटं म्हणावं आणि आपण ऐकून घ्यावं, हे त्यांना आयुष्यात कधी जमलं नव्हतं.

"यंत्र बरोबर आहे, डॉक्टरबाई," काका म्हणाले. "पट्टा तसाच राहू द्या. ते एक मत कुठे गेलं, ते मला ठाऊक आहे."